टिकाऊकाकांची बंदूक

टिकाऊकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की बूट काढायच्या आधी त्या घराचं दार तपासायचे. कडी तीनदा वर-खाली करायची, बिजागरीला कान लावायचा, मग दार अर्धं उघडून सोडून द्यायचं आणि ते आपणहून कुठे जाऊन थांबतं ते बघायचं. तोवर यजमान "या, या" म्हणत उंबऱ्यात ताटकळलेला. तोक्योजवळच्या आमच्या इचिकावाच्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा दार उरकून ते स्वयंपाकघरातल्या कपाटाकडे वळले, त्याचं दार वीस-पंचवीस वेळा उघडबंद केलं आणि माझ्या बायकोला, मानसीला, म्हणाले, "दोन वर्षं." कपाट दोन वर्षं आणि एक आठवडा टिकलं. तो वरचा आठवडा, मानसीच्या मते, मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसल्यामुळे मिळाला.

टिकाऊकाका हे नाव आमच्या मुलीने, इराने ठेवलं. ती तेव्हा सहा वर्षांची होती. नवी सायकल असो, छत्री असो, ऑफिसात आलेला नवा मॅनेजर असो, काकांचा प्रश्न एकच असे, "टिकेल का?" पुढे सगळं महाराष्ट्र मंडळच त्यांना टिकाऊकाका म्हणू लागलं. त्यांनाही ते आवडलं असावं, कारण ज्याने चुकून आडनावाने हाक मारली त्याला ते दोनदा हाक मारायला लावत.

काका मूळचे सांगलीकडचे. धातू थकून का तुटतो, याचा अभ्यास करायला क्योतोला आले आणि इथलेच झाले. एकच सळई तीच तीच वाकवत राहायची, लाखो वेळा, तुटेपर्यंत, हे त्यांचं काम. "चांगल्या वस्तू मोडण्याचं मला पेन्शन मिळतं," असं म्हणत. क्योतोतच त्यांना सेत्सुकोकाकू भेटल्या. काकूंचं माहेर चिबात, एका दलदलीच्या काठी, आमच्यापासून ट्रेन आणि मग बस असं दीड तासावर. सासरे बदकांचे शिकारी. त्यांनी जावयाला दोन गोष्टी शिकवल्या, पहाटे हलल्याशिवाय उभं राहणं आणि उडत्या बदकाच्या पुढे नेम धरणं. निवृत्त झाल्यावर काका-काकू त्याच घरात राहायला आले. आमच्या मंडळात शिकारी म्हटलं की लोक वाघाबद्दल विचारत. काका शांतपणे सांगत, "बदक. दीड किलो. तेही सापडलं तर."

एका डिसेंबरात ते आमच्या दारात उभे राहिले, हातात पिसांसकट बदक आणि कांद्याच्या पातीची मोठी जुडी. मानसी अंडंसुद्धा डोळे मिटून फोडते. ती जागच्या जागी थिजली. काकांनी परिस्थिती ओळखली, बदक पाठीमागे लपवलं आणि जुडी पुढे केली. "मग ही तरी घे. हिला बदकाबरोबर शिजायचं होतं, आता एकटीला शिजव." मी बदकाकडे आशेने बघत होतो. मानसी माझ्याकडे बघत होती. बदक परत गेलं.

सेत्सुकोकाकू गेल्या त्या हिवाळ्यात काका पाण्यावर गेलेच नाहीत. पुढच्या वसंतात मी एकटाच भेटायला गेलो, तर ते सासऱ्यांची जुनी दुनळी बंदूक पुसत बसले होते. म्हणाले, हिचं आता जमत नाही. त्या दलदलीवर शिशाचे छर्रे बंद झालेत, लोखंडी वापरावे लागतात, आणि जुन्या नळ्या पातळ, त्यांना लोखंड सोसत नाही. "मला एक नवी घ्यायची आहे. शेवटची. दहा हिवाळे टिकेल अशी. त्याहून जास्त मी मागत नाही."

मी म्हणालो, "काका, एकाहत्तर झालात. थंडीत पाण्यात उभं राहायची हौस कशाला?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "मिलिंद, या घरात ज्या खोलीत जावं तिथे सेत्सुको नाही. पण पाण्यावर ती कधीच येत नसे. त्यामुळे तिथून ती गेलेली नाही. मी तिथे उभा असतो तेव्हा ती घरी असते, कांदा चिरत. तेवढे दोन-तीन तास मला हवे आहेत."

मी गोष्टीवेल्हाळ माणूस आहे. आमच्या घरात कुठल्याही प्रसंगाची गोष्ट करायचं काम माझ्याकडे असतं, आणि घरातलेच सांगतात की मूळ प्रसंग माझ्या हातातून जाताना दीडपट होतो. पण हे बोलणं मी कुणालाही सांगितलं नाही. त्यात लोक हसतील असं काही नव्हतं, म्हणून ते माझ्या उपयोगाचं नव्हतं.

बंदूक निवडायला काकांना सहा महिने लागले. त्यातले चार शनिवार मी त्यांच्याबरोबर तोक्योतल्या एका बंदुकीच्या दुकानात काढले. मी फोन घेताना रंग बघून घेतो, त्यामुळे माझा सल्ला कुणी मागितला नव्हता. परवाना नसल्याने दुकानदार मला काही हातातही घेऊ देत नसे. मी स्टुलावर बसून ऐकायचो.

काकांना पंप-अॅक्शन हवी होती. "ही ऑटोमॅटिक म्हणजे तुझं सॉफ्टवेअर," एक देखणी बंदूक बाजूला सारत ते म्हणाले. "चालते तोवर का चालते ते कळत नाही, अडली की का अडली ते कळत नाही. पंप म्हणजे आपला हातपंप. नळीखालची मूठ मागे ओढ, रिकामं काडतूस बाहेर. पुढे ढकल, नवं आत. चिखल लागो, पाणी लागो, हात चालतोय तोवर ती चालते."

मग त्यातही निवड. काडतूस जिथे बसतं ती पेटी अॅल्युमिनियमची असेल तर नको, पोलादाची हवी. अॅल्युमिनियम हलकं, चालताना बरं, पण "दहा वर्षांनी काय करेल ते मला विचार." मूठ आणि आतला खटका यांना जोडणारी पट्टी एकच असेल तर नको, ओढताना तिला पीळ पडतो. दोन हव्यात, दोन्ही बाजूंना. खांद्याला टेकायचा दस्ता अक्रोडाचा सुंदर दिसतो, पण दलदलीच्या दमट हवेत फुगतो. नळीला आरशासारखी चकाकी नको, बदकांना ती दिसते आणि गंजालाही आवडते. आणि शेवटचा प्रश्न, ज्याला दुकानदार घाबरे, "पंधरा वर्षांनी हिची स्प्रिंग मिळेल का?"

चौथ्या शनिवारी दुकानदाराने आतून एक वापरलेली बंदूक आणली. मुठीजवळचा काळा रंग हाताने झिजून राखाडी झाला होता. मला वाटलं, काका उठून जाणार. पण त्यांचा चेहरा उजळला. "नवी वस्तू तोंड उघडत नाही," ते म्हणाले. "वापरलेली सगळं सांगते." त्यांनी मूठ मागेपुढे ओढायला सुरुवात केली. खट-खटाक, खट-खटाक. तीस, चाळीस, पन्नास. दुकानदार चहा करून आला तरी चालूच. मग त्यांनी नळी हलवून पाहिली, मूठ पिळून पाहिली, आत बोट फिरवलं, चष्मा काढून बोटावरचं तेल बघितलं आणि मान डोलावली. "हिच्या मालकाने हिला रागावून कधी वापरलं नाही." बंदुकीला काकांच्या नावाची चिठ्ठी लागली आणि परवाना येईपर्यंत ती दुकानाच्या तिजोरीत राहिली.

फक्त दस्त्याचा प्रश्न उरला होता. दुकानदार लाकडी काढून प्लास्टिकचा बसवून देतो म्हणत होता. त्या आठवड्यात मी काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी चहा केला, एक कप काकूंच्या फोटोपुढे ठेवला, एक मला दिला, आणि फोटोकडे वळून मोठ्याने विचारलं, "काय गं, लाकडी की प्लास्टिक?" क्षणभर थांबून मला म्हणाले, "ऐकलंस? म्हणते, तुम्हाला जे करायचंय तेच करणार, मला कशाला विचारता?" आम्ही दोघंही खूप हसलो. सेत्सुकोकाकू खरोखर अगदी तसंच म्हणाल्या असत्या. एवढंच घडलं.

दिवाळीला मंडळाचा फराळ इचिकावातल्या एका सभागृहात असतो. तिथे मी हा प्रसंग सांगितला. सांगता सांगता काका रोज सकाळी फोटोपुढे कॅटलॉग मांडू लागले. मग काकू एकेक पान नापसंत करू लागल्या. मग असं झालं की एक बंदूक काकांनी जवळजवळ घेतलीच होती, पण काकू "नको" म्हणाल्या म्हणून दुकानातून परत फिरले. लोक हसून चकल्या सांडत होते. इरा दुरून ओरडली, "पापा, मोरिसुगी!" म्हणजे ताटात ढीग वाढलास. खुद्द काका भिंतीला टेकून हसत होते. "वाढव, वाढव," ते म्हणाले. "तिला आयुष्यभर मी बोलू दिलं नाही, आता तू तरी बोलू दे."

या देशात बंदूक दुकानातून मिळत नाही, ती पोलिसांकडून मिळते. प्रत्येक बंदुकीचा परवाना वेगळा. डॉक्टरचा दाखला द्या, घराचा नकाशा काढून कपाट कुठे ते दाखवा, काडतुसांचं कपाट वेगळं दाखवा. मग पोलीस शेजाऱ्यांना विचारतात, ओळखीच्यांना विचारतात, माणूस कसा आहे, पितो का, भांडतो का. "लग्नाच्या वेळी माझी इतकी चौकशी झाली नव्हती," काका म्हणायचे. "सासऱ्यांनी एवढंच विचारलं होतं, थंडी सोसते का?" ओळखीच्या माणसांत त्यांनी माझं नाव दिलं होतं.

तरुण, अतिशय अदबशीर पोलीस अधिकारी होता. तो तोयोसुला माझ्या ऑफिसजवळ आला, जेवणाच्या सुट्टीत. आम्ही कॉफी घेऊन बसलो. काका पितात का? नाही. भांडतात का? फक्त दरवाज्यांशी. यावर तो हसला नाही, पण त्याने ते लिहून घेतलं.

मग त्याने विचारलं, "पत्नी गेल्यानंतर त्यांच्या वागण्यात काही फरक जाणवला का?"

याचं उत्तर 'नाही' असं होतं. जपानीतही तो शब्द अवघड नाही, मला येतो. पण समोर एक माणूस वही उघडून बसला होता. अठरा वर्षांत या देशात माझं बोलणं कुणी लिहून घेतलेलं नाही. ऑफिसात मी बोलू लागलो की लोक घड्याळ बघतात. मला वाटलं, काका किती प्रेमळ आहेत हे याला कळायला हवं. आणि हे वाटणं निम्मंच खरं होतं. उरलेलं निम्मं असं की गोष्ट तयार होती आणि श्रोता ताजा होता.

मी सांगितली. चहाचा कप, रोजचे कॅटलॉग, दुकानातून परत फिरणं, सगळं.

"म्हणजे कुठली बंदूक घ्यायची ते पत्नीने ठरवलं, असं ते मानतात?"

"अगदी! ती नको म्हणाली की विषय संपला."

"आवाज ऐकू येतो, असं ते म्हणाले का?"

"मलाच विचारतात, ऐकलंस का म्हणून!"

त्याचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, भारावला. उठताना त्याने वाकून माझे आभार मानले.

संध्याकाळी हे मी मानसीला सांगितलं. ती पोळी लाटत होती, ती थांबली. "तू पोलिसांना हे सांगितलंस?"

"अगं, गंमत म्हणून."

"त्याला कशी कळणार गंमत?"

"हसला की तो."

"हसला?"

मी आठवून पाहिलं. हसलो होतो तो मी.

आठ दिवसांनी काकांचा फोन आला. सुरुवातीला आवाजात थट्टाच होती. "मिलिंद, पोलीस विचारतात, बायको किती वाजता बोलते?" मग थट्टा संपली. त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पाठवलं होतं. डॉक्टरने काही नाही असं लिहून दिलं. तरी आणखी एकदा दाखवून या, असं सांगणं आलं. तोवर नोव्हेंबर अर्धा उलटून शिकारीचा हंगाम उघडला होता, आणि बंदूक दुकानाच्या तिजोरीत होती.

मी सुट्टी काढून त्यांच्या गावच्या पोलीस ठाण्यात गेलो. तोच अधिकारी, तीच वही. मी म्हणालो, मी फुगवून सांगितलं, ते सगळं खोडून टाका.

"कुठला भाग फुगवलेला आहे?" त्याने पानं उलटली. "चहाचा कप?"

"तो खरा."

"फोटोला विचारणं?"

"खरं. पण ती थट्टा होती. आणि रोज नाही, एकदाच."

"एकदाच, हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

"माझ्यासमोर एकदाच."

"तुम्ही नसताना?"

"ते मला कसं माहीत असणार?"

त्याने तेही लिहून घेतलं. त्याला दोष देता येत नाही. एका वृद्ध, एकट्या माणसाच्या हातात बंदूक द्यायची आणि साक्षीदार आधी एक सांगतो, मग दुसरं. त्याच्या जागी मी असतो तरी माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

'नाही' कुणी म्हणालं नाही. इथे तो शब्द सहसा कुणी तोंडाबाहेर काढत नाही. काकांना फक्त सुचवलं गेलं की या वयात, एकटं राहून, पुन्हा विचार केला तर बरं होईल. अर्ज स्वतःच मागे घेतला तर कागदावर नकार राहत नाही. जुन्या बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण वसंतात आहेच, तेव्हाही हेच प्रश्न येतील. चाळीस वर्षं या देशात काढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. काकांनी दोन्ही बंदुका एकाच दिवशी सोडल्या.

सासऱ्यांची दुनळी दुकानात मोडीत काढायला दिली, तेव्हा मी बरोबर गेलो. त्यांनी ये म्हटलं नव्हतं, नकोही म्हटलं नव्हतं. दुकानदाराने नळ्या करवतीने कापल्या. मला वाटलं काका बाहेर थांबतील, पण ते शेजारी उभे राहिले. कापलेला एक तुकडा त्यांनी मागून घेतला, खिडकीशी नेला, त्याची कापलेली कड बराच वेळ उजेडात फिरवून बघितली. "कुठे चीर नाही," ते म्हणाले. "अजून राहिली असती." तुकडा त्यांनी दुकानदाराला परत दिला.

परतीच्या ट्रेनमध्ये मी म्हणालो, "काका, माझं चुकलं."

 मग त्यांनी विचारलं, "पाण्यावरची गोष्ट मी तुला सांगितली होती. ती त्याला का नाही सांगितलीस?"

मला खरं उत्तर माहीत होतं आणि त्या दिवशी खोटं बोलायची ताकद नव्हती. "त्यात हसण्यासारखं काही नव्हतं," मी म्हणालो.

"हं," काका म्हणाले आणि बाहेर बघू लागले. माझं स्टेशन आलं तेव्हा त्यांनी मान हलवून निरोप दिला.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत, त्यांनी फक्त माझ्यासमोर काही घडू देणं बंद केलं. मी गेलो की चहा व्हायचा, हवा कशी आहे यावर बोलणं व्हायचं, परतीची बस किती वाजता आहे हे ते मला बरोबर सांगायचे. फोटोपुढचा कप दिसेनासा झाला. त्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघं अंगणात उभे असताना डोक्यावरून बदकांची रांग गेली, आणि काकांनी वर पाहिलं नाही. ते मला बसच्या वेळा सांगत राहिले.

दुसऱ्या वर्षी ते घर बंद करून क्योतोला मुलीजवळ राहायला गेले. त्यानंतरचा हिवाळा संपता संपता गेले. झोपेत, शांतपणे, असं तिने कळवलं.

इथल्या रीतीप्रमाणे होणाऱ्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मानसी आणि मी क्योतोला गेलो. मुलीचं नाव मियुकी. ती मराठी कळण्यापुरतं बोलते, पण त्या दिवशी सगळ्यांसाठी जपानीतच बोलत होती. घरात आठ-दहा माणसं होती, बहुतेक त्यांच्या विद्यापीठातली. विधी झाल्यावर चहा आला आणि मियुकी माझ्यासमोर येऊन बसली. "मिलिंददादा, बाबा म्हणायचे, तुम्ही गोष्टी छान सांगता. आज त्यांची एखादी सांगा ना." सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी म्हणालो, आज नको.

तिने आग्रह केला नाही. मग म्हणाली, "एक विचारू? बाबांनी शिकार एकदम सोडली. मला म्हणाले, डोळ्यांनी दिसत नाही. पण इथे आल्यावर मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, तर ते म्हणाले, डोळे उत्तम आहेत. तेव्हापासून मला वाटतं की मी एकदा फोनवर म्हणाले होते, 'बाबा, आता पुरे ती बंदूक', म्हणून त्यांनी सोडली. मला बरं वाटावं म्हणून. तुम्ही तेव्हा त्यांच्याबरोबर होता. खरं काय ते सांगाल?"

म्हणजे त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. तिलाही नाही, कुणालाच नाही. मानसीने हातातला कप खाली ठेवला आणि ती माझ्याकडे बघू लागली. सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं, अगदी क्रमाने, पोलिसाच्या वहीसकट. मियुकीचे डोळे भरलेले होते आणि खोलीतली आठ-दहा माणसं ऐकत होती.

"डोळेच," मी म्हणालो. "पहाटेच्या अंधुक उजेडात एक बदक त्यांना दिसलं नाही, अगदी समोरचं. मी तिथेच होतो. त्याच दिवशी म्हणाले, आता पुरे."

मी त्या पाण्यावर कधीही गेलेलो नाही.

मियुकीने दोन्ही हातांनी डोळे पुसले. "बरं झालं विचारलं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार." आणि मोकळ्या चेहऱ्याने ती इतरांना चहा द्यायला उठली.